नावाला ओ

दवंडीवाला आमच्या दुकानापुढं येऊन उभा राहिला, तेव्हा आप्पांच्या हातात देसायांच्या सुनेचा हात होता. हिरवी बांगडी अंगठ्याच्या सांध्याशी अडली होती आणि आप्पा नेहमीसारखे तिला गप्पांत गुंतवून हळूच हात चेपत होते. तेवढ्यात ढोलकं वाजलं.

"ऐका हो ऐकाऽऽ! सरकारस्वारींच्या लग्नाचा मुहूर्त ठरला होऽऽ! नव्या राणीसाहेबांचं नाव श्रीमंत सौभाग्यवती अन्नपूर्णाराणीसाहेब ठरलं होऽऽ!"

"ओऽ!" दुकानाच्या आतल्या अंगानं आवाज आला.

दवंडीवाला दचकला. त्यानं पुन्हा ढोलक्यावर थाप मारली. "अन्नपूर्णा ह्या नावाची दुसरी बाई आता संस्थानात ऱ्हाणार न्हाई होऽऽ!"

"ओऽऽ!"

"ज्यांचं ज्यांचं नाव अन्नपूर्णा आसंल त्यांनी ते बदलावं होऽऽ! जो कुणी नुसतं अन्नपूर्णा म्हणून हाक मारंल..."

"ओ म्हनलं न्हवं!" असं म्हणत माझी बहीण पडदा सारून बाहेरच आली आणि हसतमुखानं दवंडीवाल्यापुढं जाऊन उभी राहिली. हाक मारलीस ना, मग ही बघ आले, असा तिचा चेहरा. आप्पांच्या हातातली बांगडी कट्कन वाढली. आमच्या धंद्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. देसायांच्या सुनेला ओरखडा उठला. ती दवंडीवाल्याकडं बघत होती, दवंडीवाला आप्पांकडं बघत होता, आणि आप्पा जमिनीकडं.

"नारबा," दवंडीवाला आवाज खाली आणून म्हणाला, "पोरीचं नाव बदला बाबा. मी काय ऐकलं न्हाई आसं समजा."

आमचं माणगड संस्थान एवढंसं. डोंगरावर चढून बघितलं तर दोन्ही बाजूंच्या हद्दी दिसायच्या. पण मानपान आणि थाटमाट बघाल तर मोठमोठ्या गाद्यांनी तोंडात बोट घालावं. हत्ती एकच होता, तोही म्हातारा, पण त्याला मुजरा करायला दोन माणसं नेमलेली. ह्या सगळ्या थाटाची राखण करायला खासगी कारभारी म्हणून भाऊसाहेब चिंचणकर होते. कुणी कुठल्या पायरीवर उभं राहायचं, कुणाला 'या' म्हणायचं आणि कुणाला 'यावं', हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. राणीचं नाव रयतेनं घ्यायचं नाही ही जुनी रीत. पण ते नाव रयतेत दुसऱ्या कुणी लावायचंच नाही, हे टोक भाऊसाहेबांनीच काढलं.

रीत आणखीही एक होती आणि तिची गंमत मला पुष्कळ वर्षांनी कळली. नव्या राणीचं नाव राजवाड्यात आधी ठरायचं, पुरोहित अक्षर काढून द्यायचे, गावात दवंडीही पिटायची. पण खुद्द नवरीला ते कुणी सांगायचं नाही. लग्न लागल्यावर तबकातल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीनं नाव लिहीत, तेव्हाच तिला ते कळायचं. म्हणजे तिचं नाव गावच्या गुरवाला, न्हाव्याला, शेंबड्या पोरांना ठाऊक, आणि ती तिकडं माहेरी भलत्याच नावाला ओ देत बसलेली.

माझी बहीण माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. पाच वर्षांची असताना तिच्या डोक्यात ताप गेला. ताप उतरला, पण जाताना तो तिचं बरंच काही घेऊन गेला. ती वयानं वाढली, उंच झाली, दिसायला तर आम्हा सगळ्यांत देखणी, पण आत कुठंतरी ती पाचाचीच राहिली. चार-दोन शब्द बोलायची. लाल बांगड्या लालांत, हिरव्या हिरव्यांत लावायला सांगितल्या तर दिवसभर लावत बसायची. आणि मनात आलं की उठून चालायला लागायची. घाटावर, बाजारात, बँड वाजेल तिकडं. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे आणि डोक्याला कुलूप आहे.

पण तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, ती म्हणजे तिचं नाव. कुठंही असो, कितीही रमलेली असो, "अन्नपूर्णाऽऽ" अशी हाक कानावर आली की ती "ओ" म्हणायची आणि आवाजाच्या दिशेनं चालत यायची. नुसतं ये म्हटलं, ताई म्हटलं, बाळे म्हटलं, तर ढिम्म. गल्लीतल्या सगळ्यांना हे माहीत होतं. आईनं दारातून हाक मारली की कोपऱ्यावरचा तेली ती पुढं द्यायचा, त्याच्या पुढं मशिदीपाशी पिंजारी बसायचा तो द्यायचा, आणि थोड्या वेळानं नदीकडून आमची बया परकराचा ओचा भरून चिंचा घेऊन हजर. त्या एका नावाच्या जोरावर आईनं तिला बारा वर्षं दाव्याला न बांधता सांभाळली होती.

त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. "देवीचं नाव राणीला चालतंय, आन् माझ्या लेकीला चालत न्हाई?" आई म्हणाली. "पाळण्यात घालून बारशाला ठेवलंय मी. कुणाच्या घरातनं चोरून आनलं न्हाई."

"हळू बोल," आप्पा म्हणाले.

"का हळू? तिचं नाव घेतलं का मी? आजून घेतलं न्हाई."

आप्पा स्वभावानं भित्रे. त्यात मानाचा चुडा आमच्या घरातला. माणगडच्या प्रत्येक नव्या राणीच्या हातात पहिला हिरवा चुडा वेळापुरे कासारांनीच भरायचा, असा आमचा मान. आप्पांच्या आजोबांनी भरला, वडिलांनी भरला. आप्पांनी नवा फेटा घेऊन ठेवला होता आणि हाताला मऊपणा यावा म्हणून महिनाभर रोज तेल चोळत होते. आता घरातच राणीच्या नावाची पोर! त्यांनी ठरवून टाकलं, आजपासून हिला गंगू म्हणायचं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात गंगूची शिकवणी सुरू झाली. आप्पा तिला समोर बसवायचे आणि "गंगू" म्हणायचे. ती मागं वळून बघायची, कोण आलंय गंगू म्हणून. आप्पा तिच्या छातीवर बोट ठेवायचे, "तू गंगू." ती खुदकन हसायची आणि आप्पांच्या छातीवर बोट ठेवून म्हणायची, "गंगू." आईला हसू आवरायचं नाही आणि हसता हसता ती पदर डोळ्यांना लावायची.

तिकडं गावात नुसता धुमाकूळ चालला होता. लग्नाचा आनंद खराच होता. घरं रंगवली, कमानी उभारल्या, नवी राणी काळी की गोरी, इंग्रजी शिकलेली की नुसती जात्यावर ओव्या म्हणणारी, ह्यावर पारावर पैजा लागल्या. पण नावानं सगळ्यांची त्रेधा उडवली. बाजारातल्या अन्नपूर्णा खानावळीच्या गोविंदभटानं पाटीवरच्या पहिल्या शब्दावर डांबर फासलं. मग लोक त्या खानावळीला राणीसाहेबांची खानावळ म्हणायला लागले, आणि राणीसाहेबांकडं आज पिठलं आहे की भाजी, असं भर बाजारात विचारायला लागले. ते ऐकून गोविंदभटानं चार दिवस दुकानच बंद ठेवलं.

सगळ्यात वाईट गत आमची. आम्ही कासार, बांगड्यांबरोबर पितळेचे देवही विकायचो. लग्नसराईचे दिवस. प्रत्येक लेकीला सासरी जाताना अन्नपूर्णेची मूर्ती द्यावी लागते. आता गिऱ्हाईक दुकानात यायचं आणि इकडंतिकडं बघून कानात म्हणायचं, "नारबा, ती हातात पळी असलेली द्या एक." देवळातल्या पुजाऱ्यानं तर स्तोत्र म्हणतानासुद्धा आधी श्रीमंत सौभाग्यवती लावून दिलं. देवीला ते आवडलं की नाही कोण जाणे.

लग्नाच्या दिवशी पहाटे आप्पा राजवाड्यावर गेले आणि चुडा भरून आले. "हात लहान हाय," येऊन म्हणाले. "बांगडी आडली, पर हूं का चूं न्हाई केलं. पडद्याआडनं नुसता हात तेवढा बाहेर." एवढं सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की आईनंही रुसवा सोडून त्यांना गूळ दिला.

सायंकाळी, ऊन अजून असताना, वरात निघाली. आम्ही गल्लीतल्या बायका देवळासमोरच्या कट्ट्यावर उभ्या होतो. आप्पा मानकऱ्यांच्या रांगेत, अगदी पुढं, नव्या फेट्यात. बहिणीचा हात माझ्या हातात होता. "सोडू नको," आईनं दहादा बजावलं होतं. मी सोडलाही नव्हता. पण बँड आला, त्याच्यामागं झूल घातलेला हत्ती आला, गर्दीचा लोंढा मागून रेटला गेला, आणि बघते तर माझ्या हातात शेजारच्या काकूचा हात.

हत्तीमागं राजाराणीची बग्गी होती. देवळापाशी येऊन सगळं थांबलं. ओवाळणी व्हायची होती, म्हणून बँडही थांबला. गावात एकदम शांत झालं. आणि मला ती दिसली. कट्ट्याखालून, शिपायांच्या मधून, ती रमतगमत हत्तीकडं निघाली होती. हत्तीच्या पुढच्या पायाला सोनेरी झिरमिळ्या बांधल्या होत्या, त्या तिला पाहिजे होत्या. ती वाकून हात घालायला लागली. ओवाळणी झाली की तोफ उडणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तोफेला हत्ती बिचकतो, हेही ठाऊक होतं. माहूत वरून ओरडला, "ए पोरी, हट!" ती ढिम्म.

"गंगूऽ!" मी जीव खाऊन ओरडले. "गंगूऽऽ!"

"काय गं?" कट्ट्याच्या त्या टोकाकडून तांबटांची गंगूआत्या म्हणाली.

आई माझ्यामागून गर्दीत शिरायला बघत होती, तिला वाट मिळेना. तिकडं तोफेपाशी माणूस बत्ती घेऊन वाकला. आणि तेवढ्यात मानकऱ्यांच्या रांगेतून असा आवाज उठला की तो माझ्या बापाचा आहे हे मला आधी कळलंच नाही.

"अन्नपूर्णेऽऽऽ! अगं मेले, माघारी ये! मुडदे, पायाखाली जाशील!"

"ओऽ!" आमची बहीण म्हणाली. झिरमिळ्या सोडल्या, वळली आणि सरळ आप्पांकडं चालत आली. तिनं आप्पांचं बोट धरलं आणि तोफ उडाली. हत्तीनं दोन पाय पुढं टाकले. ती वाकली होती त्याच जागेवर त्याचा पाय पडला.

ते बघायला कुणालाच सवड नव्हती. सगळा गाव बग्गीकडं बघत होता. राणीच्या नावाला मेले! मुडदे! भर वरातीत! भाऊसाहेब चिंचणकरांच्या तोंडावरचा रंग उडाला होता. पण बग्गीतल्या राणीसाहेबांनी मान वळवली नाही की पदरही हलवला नाही. ऐकलंच नाही अशा त्या समोर बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी पारावर त्याचीच वाहवा चालली होती. काय ते धैर्य, काय ते गांभीर्य, खरी घराण्याची पोर!

आमच्या घरी मात्र शिपाई आला. घरातल्या सगळ्यांनी राजवाड्यावर हजर व्हायचं. आप्पांनी नवा फेटा काढून ठेवला आणि जुना बांधला. "चुड्याचा मान गेला आता," एवढंच म्हणाले. "गेला तर गेला. पोर तर हाय," आई म्हणाली. मला त्या क्षणी आप्पांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं होतं. ठेवलं नाही, पोरवयात असलं सुचत नाही.

राजवाड्यात आम्हाला खालच्या दिवाणखान्यात उभं केलं. समोर लोडाला टेकून आईसाहेब, म्हणजे सरकारस्वारींच्या मातुःश्री. त्यांच्या बाजूला, डोक्यावरून पदर घेऊन, नव्या राणीसाहेब. काल बग्गीत लांबून जाणवलं नव्हतं, पण जवळून बघितल्यावर कळलं, ही तर आमच्याएवढी पोर. भाऊसाहेबांनी घडला प्रकार सांगितला. मेले आणि मुडदे हे शब्द त्यांनी गाळले आणि त्यांच्या जागी 'पुढील अनुचित उद्गार' असं म्हणाले.

"आम्हाला हाक मारली?" राणीसाहेब म्हणाल्या. "केव्हा?"

"काल, ओवाळणीच्या वेळी, सरकार."

"आम्हाला तर समजलंच नाही." त्यांनी आप्पांकडं बघितलं. "कुणी बाप लेकीला बोलावतोय असं वाटलं आम्हाला."

"तसंच हुतं, बाई," माझी आई म्हणाली.

"राणीसाहेब म्हणा!" भाऊसाहेब ओरडले.

"तसंच हुतं, राणीसाहेब."

राणीसाहेबांच्या ओठांच्या कडेला थोडं हसू आलं आणि त्यांनी ते आईसाहेबांच्या भीतीनं आत घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "काल दुपारी तांदळांत वाचलं, तेव्हा ते नाव आम्हाला कळलं. कानाला अजून ते आपलं वाटत नाही." असं म्हणून त्यांनी माझ्या बहिणीला विचारलं, "तुझं नाव काय गं?"

आप्पांनी डोळे मिटले. मी मनातल्या मनात गंगू, गंगू असा धावा मांडला.

"अन्नपूर्णा," ती म्हणाली. आणि तिनं हे एवढ्यावर सोडलं नाही. बोट राणीसाहेबांकडं केलं. "तुजं?"

राणीसाहेबांनी आईसाहेबांकडं बघितलं, मग बहिणीकडं.

"तेच," त्या म्हणाल्या. "अन्नपूर्णा."

माझ्या बहिणीला एवढा आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. आपल्या नावाचं आणखी कुणी असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. ती टाळ्या पिटत पुढं गेली, थेट गालिच्यावर, आणि राणीसाहेबांच्या तोंडापाशी तोंड नेऊन तिनं हाक मारली, "अन्नपूर्णा!"

राणीसाहेब गप्प.

"अन्नपूर्णा!" बहीण म्हणाली. उत्तर नाही म्हटल्यावर ती जरा रागावली. "ओ म्हन की."

"ओ," राणीसाहेब म्हणाल्या. अगदी बारीक आवाजात.

"हां," बहीण म्हणाली, आणि शहाण्या माणसासारखी मान हलवून माघारी आली.

भाऊसाहेब पुढं सरसावले. "मातुःश्री, हे... हे रीतीला धरून नाही. एका नावाच्या दोघी..."

"आईसाहेब, एक विचारू?" राणीसाहेब म्हणाल्या. "एका घरात एका नावाच्या दोघी सुना आल्या तर आपल्याकडं काय रीत आहे?"

आईसाहेब ताठ बसल्या. रीत म्हटली की त्यांना बरं वाटायचं, हे सगळ्या संस्थानाला ठाऊक होतं. "एक थोरली, एक धाकटी," त्या म्हणाल्या. "आमच्या चुलतसासूबाईंच्या वेळी झालं होतं तसं."

"आणि नाव कुणी बदलायचं? थोरलीनं?"

"थोरलीनं? भलतंच काय!" आईसाहेब म्हणाल्या. "थोरलीला नाव बदल म्हणून सांगायची रीत आमच्या घरात कधी नव्हती." मग आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी सुनेकडं जरा रोखून बघितलं. माझ्या बहिणीचं वय विचारलं. आईनं सांगितलं. सुनेपेक्षा वर्षानं जास्तच भरलं. आईसाहेबांनी ते बोटांवर मोजून बघितलं. आप्पांच्या कपाळावरचा घाम गालावर उतरला.

"कारभारी," शेवटी त्या म्हणाल्या, "दवंडी फिरवा. नाव ज्याचं त्याच्याकडं राहील. ह्या कासाराची ही थोरली. आमच्या सूनबाई धाकट्या."

"पण मातुःश्री, थोरलेपण नात्यात असतं, रयतेशी..."

"रीत म्हणजे रीत," आईसाहेब म्हणाल्या, आणि भाऊसाहेबांचं तोंड मिटलं. दुसऱ्या कुणी हुकूम दिला असता तर त्यांनी शंभर फाटे फोडले असते.

आप्पा जमिनीवर डोकं टेकून रडायला लागले. आई रडली नाही. तिनं बहिणीचा हात घट्ट धरला आणि राणीसाहेबांना म्हणाली, "देव तुमाला उदंड आयुष्य देवो." राणीसाहेब उठल्या, दोन पावलं पुढं आल्या आणि म्हणाल्या, "हिला दर शुक्रवारी हळदीकुंकवाला घेऊन येत जा. विसरू नका."

आठ दिवसांत गाव असं बदललं की बस्स. गोविंदभटानं पाटीवरचं डांबर खरवडून काढलं. शिपाई माझ्या बहिणीला बाजारात पाहिलं की थट्टेनं मुजरा करायचे, "थोरल्या, कुठं निघाली स्वारी?" थट्टेची पुढं सवय झाली आणि ती वाहत्या रस्त्यातसुद्धा आता कधी हरवेनाशी झाली. सगळ्या माणगडाला तिचं नाव ठाऊक झालं होतं. हाक मारायला गल्लीतलाच माणूस लागत नव्हता.

शुक्रवारी मी तिला घेऊन राजवाड्यात जायची. दारावरच्यांनी पहिल्यांदा आम्हाला थांबवलं, तर तिनं चौकात उभं राहून वर तोंड करून हाक मारली, "अन्नपूर्णाऽऽ!" पहारेकऱ्यांनी कानात बोटं घातली. वरच्या सज्ज्यातून आवाज आला, "ओऽ! आले गं!" पुढच्या शुक्रवारीही तेच, त्याच्या पुढच्याही. पहारेकरी मग तेवढ्यापुरते आभाळाकडं बघायला शिकले. राणीसाहेब जिना उतरून यायच्या, दोघी चौकात बसायच्या, लाल मणी लालांत आणि हिरवे हिरव्यांत लावायच्या. बोलणं फारसं नसायचं. एक हाक मारायची, दुसरी ओ द्यायची, मग दोघी हसायच्या. मला वाटायचं, किती मन मोठं ह्या बाईचं. वेड्या पोरीचं मन राखायला राणी जिना उतरून येते. आई रोज देवापुढं दिवा लावताना राणीसाहेबांचं आधी नाव घ्यायची, मग आमचं. मी लग्न होऊन सासरी गेले तरी ते शुक्रवार चुकले नाहीत, मग आई घेऊन जायची.

संस्थानं खालसा झाली. आईसाहेब गेल्या, सरकारस्वारी गेले, हत्ती गेला, भाऊसाहेब कुठं गेले कुणी विचारलं नाही. राणीसाहेब तेवढ्या राजवाड्यात राहिल्या. आणि एका थंडीत माझ्या बहिणीच्या छातीत कफ झाला. मी माहेरी आले तेव्हा ती हाकेला ओ देत होती, पण डोळे उघडत नव्हती. पुढं ओही थांबली.

ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी राणीसाहेब आमच्या घरी आल्या. गल्लीच्या तोंडाशी मोटार थांबवून, पांढऱ्या लुगड्यात, एकट्या चालत. आप्पा आता थकले होते, उठायला लागले तर त्यांना तिथंच बसवलं आणि स्वतः आईच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"तुमचे लई उपकार हायेत, राणीसाहेब," आई म्हणाली. "तुमी तवा तिचं नाव राखलं, म्हणून ती एवढी जगली. माझं लेकरू मोकळं फिरलं. ह्या जन्मी फिटायचं न्हाई."

"उपकार तिचे माझ्यावर," राणीसाहेब म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या 'मी' म्हणाल्या. "तुम्हाला ठाऊक नाही, आई. माहेरी मला बाळी म्हणायचे. तिकडं आता म्हणणारं कुणी उरलं नाही. इथं मी सूनबाई झाले, वहिनीसाहेब झाले, राणीसाहेब झाले. सरकारस्वारींना माझं नाव घ्यायचं तर घराण्याची रीत आडवी यायची. तबकात लिहिलं, गावभर दवंडी पिटली, एवढं वाजतगाजत नाव ठेवलं, आणि त्या नावानं मला हाक मारणारी सबंध जगात ही एकटी. मी शुक्रवारची वाट बघायची ती त्यासाठी. तिनं मला ओ द्यायला शिकवलं." त्यांना पुढं बोलवेना. पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "आता कोण मारणार?"

मी आईकडं बघितलं. एवढी वर्षं आम्ही ज्या बाईचे आभार मानत होतो, तिच्याकडं ती जणू पहिल्यांदाच बघत होती.

थोड्या वेळानं राणीसाहेब उठल्या. जाताना निरोप घ्यायचा नसतो अशा घरात, म्हणून न बोलता उंबरा ओलांडून बाहेर पडल्या. गल्लीत लोक बाजूला होऊन मान खाली घालून उभे होते. त्या तेल्याच्या दुकानापर्यंत गेल्या असतील. माझी आई भिंत धरून उठली, दारात आली, आणि बारा वर्षं आणि पुढंही कितीतरी वर्षं जशी मारत आली होती तशीच, गल्ली भरून जाईल एवढी हाक तिनं मारली.

"अन्नपूर्णेऽऽ! जपून जा गं. शुक्रवारी ये."

राणीसाहेब तिथल्या तिथं वळल्या.

"ओऽ," त्या म्हणाल्या. "येते, आई."